आईवडील गोव्यात, मुलगी कॅलिफोर्नियात: आर्थिक स्वावलंबन सिद्ध कसे करावे?

प्रश्न: फोंड्याचा एक पालक

नमस्कार. माझी मुलगी मे २००६ मध्ये सॅन होजे येथे जन्मली, कारण त्या काळात मी एच-१बी व्हिसावर तेथे नोकरीस होतो. ती चार वर्षांची असताना आम्ही कायमचे फोंड्याला परतलो. बालवाडीपासून बारावीपर्यंतचे तिचे सगळे शिक्षण गोव्यातच झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ती अमेरिकेची नागरिक या नात्याने कॅलिफोर्नियात परत गेली, तेथील एका कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे स्थानिक सरकारी कॉलेज) दाखल झाली आणि माझ्या धाकट्या भावाच्या घरी राहू लागली.

पहिल्या वर्षी तिने अनिवासी, म्हणजे राज्याबाहेरच्या, विद्यार्थ्याचे जास्त शुल्क भरले आणि ते अर्थातच मी येथून पाठवले. राज्यात एक वर्ष राहिले की निवासी दर्जा मिळतो, असे आम्ही ऐकून होतो, म्हणून वर्ष पूर्ण होताच तिने दर्जा बदलून मिळण्यासाठी अर्ज केला. सोबत मी फोंड्याच्या मामलेदार कार्यालयातून काढलेला माझ्या उत्पन्नाचा दाखला, मुलीच्या खर्चाची जबाबदारी यापुढे माझ्यावर नाही असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि ती आमच्याकडे राहते असे माझ्या भावाचे पत्र जोडले. महिनाभराने उत्तर आले की, विद्यार्थिनी राज्याबाहेर राहणाऱ्या पालकांवर अवलंबून असल्याने अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. माझ्या तिन्ही कागदांचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, तिला कॅलिफोर्निया विद्यापीठात, ज्याला सगळे यूसी म्हणतात तेथे, तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा आहे. तेथे पुन्हा हाच प्रश्न येणार. म्हणून विचारतो की, येथून आणखी कोणता दाखला काढावा? पैसे माझ्याऐवजी पत्नीच्या खात्यातून गेले तर फरक पडेल का? बाजारातील आमचा एक भाड्याने दिलेला गाळा मुलीच्या नावे बक्षीसपत्राने करून दिला, तर ते भाडे तिचे स्वतःचे उत्पन्न धरले जाईल का? जिला आजवर पोसले, तिला आपण पोसत नाही असे लिहून देताना हात अडखळला होता. ते लिहूनही उपयोग झाला नाही, याचे जास्त वाईट वाटले.

उत्तर १: बार्देशकर, सध्या सॅन होजे

दादा, आपल्याकडे एखादी गोष्ट सिद्ध करायची म्हणजे ती सिद्ध करणारा दाखला देणारे कार्यालय शोधायचे, ही सवय आपल्या हाडीमासी आहे. रहिवासी असल्याचा दाखला मामलेदार देतो, उत्पन्नाचाही तोच देतो, आणि एकदा शिक्का पडला की पुढचा अधिकारी सहसा शंका घेत नाही. येथे नेमके उलट आहे. वडिलांनी काय लिहून दिले याला जवळजवळ वजन नाही. मुलीच्या खात्यात पैसा कोठून आला आणि तिच्या खात्यातून कोठे गेला, एवढेच तपासले जाते. तुमचा उत्पन्नाचा दाखला तर उलट तिच्या विरोधातच गेला असेल, कारण तिला पोसण्याइतकी ऐपत तुमच्याकडे आहे, हे त्यावरून दिसते.

आता अर्ज का नाकारला ते सांगतो. कम्युनिटी कॉलेजे आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ (हे यूसीहून वेगळे) यांच्यासाठी राज्याच्या शिक्षण संहितेत ६८०४४ क्रमांकाचे कलम आहे. अनिवासी म्हणून दाखल झालेल्या विद्यार्थ्याला निवासी व्हायचे असेल, तर चालू वर्षात आणि त्याआधीच्या तीन वर्षांत काय घडले हे त्या कलमानुसार पाहतात. पालकांनी करविवरणात त्याला आपल्यावर अवलंबून दाखवलेले नसावे, पालकांकडून वर्षाला ७५० डॉलरपेक्षा जास्त मदत मिळालेली नसावी, आणि पालकांच्या घरी वर्षात सहा आठवड्यांपेक्षा जास्त मुक्काम झालेला नसावा. पहिली अट तुमच्या बाबतीत आपोआप पूर्ण होते, कारण तुम्ही अमेरिकेत विवरणच भरत नाही. दुसरी तुमच्या पहिल्याच हप्त्याला मोडली. तिसरीकडे आपल्या लोकांचे लक्षच जात नाही: मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आली होती का, आणि किती दिवस?

यूसीची नियमावली स्वतंत्र आहे आणि ती अधिक कडक आहे. सत्र सुरू होण्याआधी ३६६ दिवस राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य हवे, आणि येथेच कायम राहण्याचा हेतू वाहन परवाना, मतदार नोंदणी, राज्याचे करविवरण अशा गोष्टींतून दिसायला हवा. केवळ शिक्षणासाठी येऊन राहिलेला माणूस निवासी ठरत नाही. ज्या पदवीपूर्व विद्यार्थ्याचे वय २४ पेक्षा कमी आहे आणि ज्याचे पालक कॅलिफोर्नियाचे रहिवासी नाहीत, त्याला याशिवाय आर्थिक स्वावलंबनही दाखवावे लागते. विवाहित, सैन्यात सेवा केलेले, आईवडील हयात नसलेले अशांना त्यातून सूट आहे. स्वावलंबन म्हणजे स्वतःची मजुरी किंवा पगार, त्यातून साठवलेली बचत, शासकीय अनुदान व शिष्यवृत्ती, आणि केवळ स्वतःच्या नावावर, दुसऱ्या कोणाच्या सहीशिवाय मिळालेले कर्ज. यांची बेरीज वर्षभराच्या खर्चाला पुरली पाहिजे. खर्च २२ हजार डॉलर आणि मिळकत ९ हजार असेल, तर उरलेले १३ हजार कोणी दिले, हा प्रश्न येणारच.

तुमच्या भावाच्या पत्राबद्दलही एक शब्द. ती फुकट राहते असे त्या पत्रातून दिसत असेल, तर ते पत्र न जोडणेच बरे होते. तिने भावाला दरमहा भाडे द्यावे, ते रोख न देता बँकेतून द्यावे आणि त्याचा साधा लेखी करार असावा. तोही नावापुरता नको; भाऊ ते पैसे दुसऱ्या हाताने परत करत असेल, तर ती चक्क फसवणूक आहे, आणि असे उघड झाले तर मागील सत्रांच्या शुल्काचा फरकही भरावा लागू शकतो.

उत्तर २: मडगाव, करसल्लागार

पैशाच्या वाटेबद्दल लिहितो, कारण तो माझा रोजचा विषय आहे.

तुम्ही बँकेतून पाठवलेली प्रत्येक रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली गेली आहे. या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते आणि दर वेळी ए-२ अर्जावर हेतूचा संकेतांक लिहावा लागतो. शिक्षणासाठी पाठवले असेल तर तसे लिहिलेले आहे. 'कुटुंबाच्या निर्वाहासाठी' असे लिहिले असेल, तर मुलगी तुमच्यावर अवलंबून असल्याचे तुम्हीच तुमच्या सहीने कळवले आहे. हे कागद तेथील कार्यालयाकडे जातात असे नव्हे, पण मुलीच्या खात्यात ती रक्कम परदेशी हस्तांतरण म्हणून तुमच्या नावासकट दिसते. पत्नीच्या खात्यातून पाठवल्याने काहीही बदलणार नाही, कारण नियम 'पालक' म्हणतो, 'वडील' म्हणत नाही.

येथे गोव्याचा एक गुंता आहे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सहसा सामाईक असते, आणि आयकर कायद्यानुसार पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे वाटून दाखवावे लागते. गाळ्याचे भाडे तुम्ही दोघांच्या विवरणात निम्मे दाखवत असाल, अशी आशा आहे. तो गाळा मुलीला देण्यासाठी बक्षीसपत्रावर पत्नीचीही सही लागेल. शिवाय येथील वारसा कायद्यात मुलांचा वाटा राखीव असल्याने, आणखी मुले असल्यास त्यांच्या वाट्याचा विचार आताच करावा लागेल. शेतजमीन नसल्याने ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचा दर्जा) असलेल्या मुलीला तो घेता येईल. तरीही मी नको म्हणेन. भाडे तिचे झाले तरी त्याचे मूळ पालकांनी दिलेली देणगी आहे, हे लपत नाही. ती अमेरिकेची नागरिक असल्याने जगात कोठेही मिळालेले उत्पन्न तिला तेथील विवरणात दाखवावे लागते. वर्षात एका लाख डॉलरपेक्षा जास्त मूल्याची देणगी परदेशी व्यक्तीकडून मिळाली, तर त्याची माहिती वेगळ्या अर्जावर द्यावी लागते. परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर तीही स्वतंत्रपणे कळवावी लागते. हा शेवटचा नियम तिच्या नावे येथे मुदत ठेव असेल तर आजही लागू आहे, हे विसरू नका. शुल्क वाचवायला जाऊन दंडाचे दार उघडायचे, असा हा व्यवहार होईल.

येथील बँकेकडून शैक्षणिक कर्ज घेण्याचा विचारही कोणी सुचवील. त्यात पालक सहकर्जदार असतात, आणि घर तारण ठेवायचे तर गोव्यात पतिपत्नी दोघांच्या सह्या आल्याच. असे कर्ज स्वावलंबनाच्या हिशेबात धरले जाणार नाही.

उत्तर ३: वाळपईची, आता पदवीधर

काका, मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझा जन्मही तिकडचा आणि शाळा सत्तरी तालुक्यातली.

माझा पहिला अर्ज दोन कारणांनी बुडाला. कर्जावर मामाची सही होती, हे एक. दुसरे म्हणजे मी उन्हाळ्यात अकरा आठवडे घरी होते. तेव्हा मला ते कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी चवथ होईपर्यंत मी राहिलेच असते. पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून त्यांनी दिवस मोजले होते.

नंतर एका समुपदेशकाबरोबर बसून मी सगळे नव्याने मांडले, तेव्हा जे लक्षात आले ते तुमच्या मुलीला थेट लागू पडते. ऑगस्ट २०२५ पर्यंतचे शुल्क तुम्ही पाठवले असेल, तर २०२५ चे करवर्ष (तेथे ते जानेवारी ते डिसेंबर असते) तुमच्या मदतीने डागाळलेले आहे. यूसी सत्राच्या लगत आधीचे करवर्ष तपासते, आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ते वर्ष २०२५ हेच येते. म्हणजे पुढच्या वर्षी प्रवेश मिळेल, पण निवासी दर्जा मिळण्याची शक्यता फार कमी आहे.

कोणी म्हणेल की एक वर्ष अनिवासी म्हणून काढू आणि मग बदलून घेऊ. खरा सापळा तोच आहे. २०२४-२५ मध्ये यूसीत नेहमीच्या शुल्काच्या वर अनिवासी विद्यार्थ्याकडून आणखी ३४,२०० डॉलर घेतले जात होते. ते तुम्ही भरले, तर ते वर्षही अवलंबनाचे ठरले. आणि मुलीने स्वतः भरले असे दाखवायचे, तर विशीतल्या मुलीने तेवढे मिळवले कोठून? एकदा अनिवासी म्हणून आत गेलेला बहुतेक विद्यार्थी पदवी हातात पडेपर्यंत अनिवासीच राहतो, ते याच कारणाने.

म्हणून मी एक वर्ष थांबले. कम्युनिटी कॉलेजात कमी विषय घेतले, आठवड्याला तीस-पस्तीस तास काम केले आणि १ जानेवारीपासून घरून एक डॉलरही घेतला नाही. नागरिक असल्याने तुमच्या मुलीला कामाच्या तासांचे बंधन नाही. कॅलिफोर्नियात २०२५ साली किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होते, म्हणजे आठवड्याला तीस तास धरले तर वर्षाला २५,७४० डॉलर होतात. त्यातून कर, भाडे, जेवण, प्रवास आणि मोजक्या विषयांचे शुल्क कसेबसे निघते. कसेबसेच निघते, मी दोन वर्षे नवे बूट घेतले नव्हते. पण वर्षअखेरीस माझ्याजवळ मालकाकडचे डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचे प्रमाणपत्र), केंद्राचे करविवरण, राज्याचे ५४० क्रमांकाचे विवरण आणि बारा महिन्यांची बँकेची पत्रके होती, आणि प्रत्येक खर्चापुढे त्याचा पैसा कोठून आला ते लिहिता येत होते. त्या वेळी कोणाच्याही पत्राची गरज पडली नाही.

वडिलांच्या फोनच्या योजनेतून, विम्यातून आणि त्यांच्या नावाच्या क्रेडिट कार्डाच्या जोडकार्डातूनही बाहेर पडायला सांगा. माझ्या हिशेबात शेवटपर्यंत खटकत राहिले ते हे जोडकार्डच.

पेडणेकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझा मुलगा विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर आहे. तो स्वतःच्या पगारावर राहतो असे दाखवले, तर त्याला हे जमेल का?

बार्देशकर

नाही. मायदेशी परतण्याचा हेतू असल्याशिवाय एफ-१ मिळतच नाही, आणि निवासी दर्जासाठी नेमका उलट हेतू लागतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. एच-१बी किंवा त्यावर अवलंबून असलेल्यांचा एच-४ असता तर गोष्ट वेगळी होती.

फोंड्याचा एक पालक

सर्वांचे आभार. मुलगी यंदा जूनपासून ऑगस्टपर्यंत दहा आठवडे घरी होती, त्यामुळे तेही कारण झाले असणार. गाळ्याचा विचार सोडून दिला आहे. दोन शंका उरल्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा फॅफ्सा अर्ज भरताना ती स्वतःला स्वावलंबी म्हणू शकेल का? आणि एबी ५४० नावाची काही सवलत आहे असे भाऊ म्हणतो, ती तिला मिळेल का?

बार्देशकर

फॅफ्साची व्याख्या पूर्णपणे वेगळी आहे. तेथे २४ पेक्षा कमी वयाचा अविवाहित पदवीपूर्व विद्यार्थी, काही अपवाद सोडता, पालकांवर अवलंबूनच धरला जातो, मग तो स्वतःच्या पैशावर का राहत असेना. तेथे तुमचे उत्पन्न रुपयांतून डॉलरमध्ये बदलून खरे तेच लिहा. तुम्हाला अमेरिकेचा सामाजिक सुरक्षा क्रमांक नसला तरी तुमचे खाते उघडता येते. तेथे तुमची माहिती दिली म्हणून तुम्ही पैसे देता असा अर्थ यूसी काढत नाही. उलट त्यातून मिळणारे पेल अनुदान, जे २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते, ते परत करावे लागत नाही आणि तिच्या स्वावलंबनाच्या हिशेबात धरले जाते. पुष्कळ लोक दोन्ही अर्जांत एकच उत्तर लिहायच्या नादात येथे खोटे बोलतात आणि अडकतात.

एबी ५४० हा २००१ चा कायदा आहे. त्यात निवासी दर्जा मिळत नाही, फक्त अनिवासी शुल्क माफ होते, आणि त्यात पालकांचा प्रश्नच येत नाही. मात्र त्यासाठी कॅलिफोर्नियातच तीन वर्षांचे शिक्षण लागते. मूळ कायदा माध्यमिक शाळेपुरता होता; नंतरच्या दुरुस्त्यांनी कम्युनिटी कॉलेजातील शिक्षणही काही अटींवर मोजले जाऊ लागले. मुलगी आणखी एक वर्ष तेथे थांबणारच असेल, तर तिचे किती विषय त्यात धरले जातील, हे तिने आताच कॉलेजच्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी घ्यावे. ती वाट मोकळी निघाली, तर बाकीचा हिशेब मांडावाही लागणार नाही.

एकदा अनिवासी ठरली म्हणून कायमची अनिवासी, असे मात्र समजू नका. अर्जाच्या वेळी बाहेरचा असलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच मानायचा, असा कनेक्टिकट राज्याचा नियम होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात रद्द केला. दर सत्राला नवा अर्ज करण्याचा तिला हक्क आहे.

फोंड्याचा एक पालक

काल रात्री मुलीशी बोललो. तिने सांगितले की, तिला या वर्षी यूसीला अर्ज करायचाच नाही, ती २०२७ च्या प्रवेशासाठी करेल, आणि एका बेकरीत पहाटेचे काम तिने आधीच पाहून ठेवले आहे. डिसेंबरनंतर मी काही पाठवणार नाही. उन्हाळ्यातही ती येणार नाही, त्यामुळे आता तिची आई म्हणते की, मीच दोन महिने तिकडे जाऊन राहते. त्याने काही बिघडेल का?

वाळपईची, आता पदवीधर

पर्यटक व्हिसावर आई येऊन राहिली तर काही बिघडत नाही, कारण ते घर मुलीचे आहे, पालकांचे नव्हे. फक्त त्या दोन महिन्यांचे भाडे नेहमीप्रमाणे मुलीच्याच खात्यातून जाऊ द्या, आणि काकींनी येताना स्वतःचे कार्ड पर्समध्येच ठेवावे. वाणसामानाच्या दुकानात बिल देण्यावरून माझे आईशी रोज भांडण व्हायचे. सुकी सुंगटे आणि कोकम मात्र कोणी मोजत नाही.

बार्देशकर

सुकी सुंगटे आणताना विमानतळावर सीमाशुल्काच्या अर्जात खाद्यपदार्थ असल्याचे लिहा.